कमी पगार, जास्त विमानं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'वैमानिकाचं जीवन'. काल संध्याकाळपासून मला याच विषयावर तीन प्रश्न विचारले गेले. भीती नाही का वाटत? सगळं कॉम्प्युटरच करतो ना? आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, पगार किती रे? पहिल्याचं उत्तर, वाटते, म्हणून तर रोज तीच चेकलिस्ट रोज नव्याने वाचतो. दुसऱ्याचं उत्तर, कॉम्प्युटर सांगितलेलं करतो, काय सांगायचं ते आम्हाला ठरवावं लागतं. तिसऱ्या प्रश्नाला मात्र वीस मिनिटं लागतील. म्हणून आज त्यावरच बोलतो.

अमेरिकेत वैमानिकाला पगार तासावर मिळतो. तास म्हणजे विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला थांबेपर्यंतचा. विमानतळावर ताटकळलेला वेळ त्यात धरत नाहीत. मी २००६ मध्ये एका छोट्या प्रादेशिक कंपनीत लागलो तेव्हा पहिल्या वर्षाचा दर ताशी २२ डॉलर होता आणि महिन्याला ७५ तासांची हमी होती. आपल्या गणिताच्या सरांचे विद्यार्थी इथे बसलेत, गुणाकार तुम्ही करा. वर्षाला २० हजार डॉलरही भरत नाहीत. त्याआधी मी तिथे इंजिनिअर म्हणून याच्या तिप्पट कमवत होतो. आईला दोन वर्षं खरा आकडा सांगितला नव्हता.

मग लोक या नोकरीत येतात कशाला? तर पुढे दर चढत जातो म्हणून, आणि को-पायलटचा कॅप्टन झालं की तो एकदम उडी घेतो म्हणून. आता कॅप्टन कधी होणार, हे कौशल्यावर ठरत नाही. ते ज्येष्ठता यादीवर ठरतं. ज्या दिवशी नोकरीला लागलात त्या दिवशी तुम्हाला एक क्रमांक मिळतो. वरचा कोणी निवृत्त झाला किंवा कंपनीने नवीन विमानं आणली तर तुम्ही वर सरकता. कुठल्या मार्गावर जायचं, दिवाळीला घरी राहायला मिळणार की नाही, सगळं त्या क्रमांकावर. आणि कंपनी बदलली तर यादीच्या तळाशी. बँकेतला मॅनेजर दुसऱ्या बँकेत मॅनेजर म्हणून जातो. पंधरा वर्षं मुरलेला कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला की पुन्हा नवशिका को-पायलट, पहिल्या वर्षाच्या दरावर.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. वैमानिकाला सहजासहजी सोडून जाता येत नाही. त्यामुळे कंपनी वाढली तरच तो वाढतो. आणि हे कंपनीच्या मालकांनाही पक्कं ठाऊक असतं. म्हणून दर काही वर्षांनी त्यांच्याकडून एक प्रस्ताव येतो: तुम्ही पगारात थोडं सोडा, आम्ही विमानं आणतो.

या प्रस्तावाचा सर्वांत गाजलेला अवतार १९८३ चा. १९७८ पर्यंत अमेरिकेत विमानाचं भाडं आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवत असे. त्या वर्षी कायदा बदलला, बाजार खुला झाला आणि स्वस्त तिकिटांच्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. जुन्या कंपन्यांचे पगार जुन्या काळातले, म्हणजे चढे. अमेरिकन एअरलाइन्सचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट क्रँडल यांनी यावर एक तोडगा काढला. आहेत त्या वैमानिकांच्या मूळ दराला हात लावायचा नाही. कामाच्या नियमांत त्यांनी थोडी सवलत द्यायची. मात्र यापुढे जे लागतील त्यांना वेगळी, बरीच खालची वेतनश्रेणी. जुन्यांची 'ए', नव्यांची 'बी'. या स्वस्त मनुष्यबळावर कंपनी विस्तारेल, आणि विस्तार झाला की जुन्यांना भराभर बढत्या.

वैमानिकांच्या संघटनेने हे मान्य केलं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर क्रँडल यांनी शब्द पाळला. १९८४ मध्ये कंपनीने ६७ एमडी-८० विमानांची मागणी नोंदवली. दहा वर्षांत ताफा दुपटीहून मोठा झाला. जे 'ए' श्रेणीत होते ते लवकर कॅप्टन झाले, त्यांनी घरं बांधली. तेव्हा ही योजना फसवी होती असं मी म्हणणार नाही. वाढ खरीच झाली.

अडचण कॉकपिटमध्ये होती. डावीकडच्या खुर्चीत 'ए', उजवीकडे 'बी'. तेच विमान, तेच धुकं, तीच धावपट्टी. दोघांचा करार एकाच संघटनेने केलेला, पण उजवीकडचा त्या मतदानाला हजर नव्हता. असणार कसा? तो अजून नोकरीलाच लागला नव्हता. कंपनी जशी वाढत गेली तशी 'बी'वाल्यांची संख्या वाढली, संघटनेत त्यांची मतं वाढली, आणि पुढच्या करारांमध्ये दोन्ही श्रेण्या हळूहळू जवळ आणाव्या लागल्या. तोवर काहींच्या उमेदीची वर्षं निघून गेली होती.

युनायटेड एअरलाइन्सने १९८५ मध्ये अशीच योजना आणली. तिथले वैमानिक १७ मे १९८५ रोजी संपावर गेले आणि संप २९ दिवस चालला. भांडण मुख्यतः नव्यांच्या श्रेणीवरून होतं: ती खालची असली तरी जुन्यांच्या श्रेणीला कधी येऊन मिळणार? त्या वेळी कंपनीने सुमारे ५७० नवे वैमानिक प्रशिक्षण देऊन तयार ठेवले होते. संपकाळात त्यांनी विमानं उडवावीत अशी अपेक्षा होती. त्यांच्यापैकी जवळपास सगळ्यांनी नकार दिला. नोकरीचा पहिला दिवसही न पाहिलेली ही मुलं संपात उभी राहिली. अमेरिकेतल्या वैमानिकांमध्ये आजही त्यांना आकड्यानेच ओळखतात, 'ते ५७०'.

याच युनायटेडमध्ये १९९४ साली प्रस्तावाचं तिसरं रूप आलं. पगार सोडा, बदल्यात कंपनीचे शेअर घ्या. वैमानिक, यंत्रज्ञ आणि इतर काही कर्मचाऱ्यांनी मिळून सुमारे ४९० कोटी डॉलरच्या सवलती दिल्या आणि ५५ टक्के मालकी घेतली. केबिन कर्मचाऱ्यांची संघटना बाहेर राहिली. कागदावर कामगारच मालक झाले. डिसेंबर २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ते शेअर मातीमोल झाले, आणि २००५ मध्ये निवृत्तिवेतनाची जबाबदारीही कंपनीने सरकारी विमा महामंडळावर टाकली. पगार, बचत आणि म्हातारपण, तिन्ही एकाच खुंटीला टांगलं की काय होतं, ते त्या लोकांनी पाहिलं.

आता माझ्या मतदानाकडे येतो. त्यासाठी छोट्या कंपन्यांचा व्यवहार थोडक्यात सांगावा लागेल. अमेरिकेत लहान शहरांना जाणाऱ्या विमानावर नाव मोठ्या कंपनीचं असतं, पण ते चालवते बऱ्याचदा आमच्यासारखी छोटी कंपनी. तिकीट मोठी विकते, इंधनाचा खर्च बहुतेक तिचाच, आणि छोटीला ठरलेली रक्कम देते. साखर कारखान्याच्या ऊसतोड मुकादमासारखं समजा. मोठ्या कंपनीकडे असे अनेक मुकादम असतात. नवीन विमानं कोणाला द्यायची? जो स्वस्तात उडवेल त्याला. म्हणजे छोट्या कंपनीच्या दृष्टीने 'वाढ' याचा अर्थ एकच: दुसऱ्या छोट्या कंपनीकडे जाणारी विमानं आपल्याकडे खेचणं.

२०१३-१४ मध्ये हा खेळ जोरात होता. पीएसए एअरलाइन्सच्या वैमानिकांनी २०१३ मध्ये सवलती मान्य केल्या आणि त्यांना ३० नवी सीआरजे-९०० विमानं मिळाली. २०१४ च्या सुरुवातीला एक्सप्रेसजेटच्या वैमानिकांनी असाच करार मोठ्या बहुमताने फेटाळला. त्यानंतर एन्व्हॉय एअरच्या सुमारे ७० टक्के वैमानिकांनी नाही म्हटलं, आणि त्यांच्यासाठी म्हणून सांगितलेली नवी विमानं दुसऱ्या कंपन्यांकडे गेली.

त्याच सुमारास आमच्या कंपनीतही कागद आला. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. मी आठ वर्षं को-पायलट होतो. प्रस्ताव असा: सही होण्याआधी जे नोकरीत आहेत त्यांची श्रेणी तशीच राहील, शिवाय एकरकमी बोनस. सहीनंतर जे लागतील त्यांचा को-पायलटचा दर चौथ्या वर्षानंतर गोठेल आणि कॅप्टनचा बाराव्या वर्षानंतर. बदल्यात नवीन विमानं.

मित्रहो, माझ्या खिशातून एक पैसा जाणार नव्हता. उलट बोनस मिळणार होता, आणि विमानं आली असती तर वर्ष-दीड वर्षात मी कॅप्टन झालो असतो. मुलगी तेव्हा दहावीत होती, कॉलेजचा खर्च समोर दिसत होता.

मी तो चाळीस पानी कागद घरी आणला. बायको हिशेबतपासनीस आहे. तिने रात्री जेवणं झाल्यावर चष्मा लावून वाचला आणि एवढंच विचारलं, "विमानं कधी येणार, ते कुठे लिहिलंय?" मी पानं उलटली. पगाराच्या कलमात 'राहील', 'गोठेल', 'लागू होईल' अशी क्रियापदं होती. विमानांच्या कलमात 'कंपनीचा मानस आहे', 'करार मिळाल्यास', 'बाजाराची स्थिती अनुकूल असल्यास'. आपल्या मराठीच्या बाईंनी आठवीत क्रियापदाचे अर्थ घोकून घेतले होते: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो, त्या रात्री मला ते पहिल्यांदा कामाला आलं. आम्ही जे सोडणार होतो ते स्वार्थात लिहिलं होतं. आम्हाला जे मिळणार होतं ते सगळं संकेतार्थात.

नंतर तीन आठवडे क्रू रूममध्ये दुसरी चर्चा नव्हती. एक कॅप्टन, निवृत्तीला चार वर्षं राहिलेले, म्हणाले, "कंपनी टिकली पाहिजे. विमानं गेली तर तळ बंद होतील, मग वेतनश्रेणी काय चाटायची?" हे खोटं नव्हतं. एक नवी मुलगी, प्रशिक्षणाच्या कर्जाचे हप्ते भरणारी, म्हणाली, "माझ्यानंतर सहा महिन्यांनी येणारी माझी धाकटी बहीण असती, तर मी काय मत दिलं असतं?" हेही खोटं नव्हतं.

आणखी एक हिशेब होता, तो तत्त्वाचा नव्हे, व्यवहाराचा. आम्ही दर उतरवला की शेजारची कंपनी पुढच्या वर्षी आणखी उतरवणार. विमानं आमच्या मालकीची नव्हती. ती आमच्याकडे आली तशी आमच्याकडून जाणार. आणि कंपनीत एकदा स्वस्त माणसांची रांग तयार झाली की महाग कोण ठरणार? आम्हीच, जुने. म्हणजे पहिला हप्ता नव्यांच्या खिशातून गेला तरी पुढचा आमच्याच खिशातून जाण्याची शक्यता होती.

मी विरोधात मत दिलं. प्रस्ताव पडला.

इथे टाळ्या वाजवू नका, कारण पुढचं ऐकायचं आहे. विमानं खरोखरच दुसरीकडे गेली. आठ महिन्यांनी माझ्या शहरातला तळ बंद झाला. जवळजवळ दोन वर्षं मी कामावर रुजू होण्यासाठी आदल्या दिवशी दुसऱ्या शहरात विमानाने जात होतो, सहाजणांत भाड्याने घेतलेल्या खोलीत झोपत होतो. कॅप्टन झालो तो २०१७ मध्ये. माझ्या मागे दोनच क्रमांक असलेला एक सहकारी, ज्याने बाजूने मत दिलं होतं, कंटाळून दुसऱ्या कंपनीत तळापासून सुरुवात करायला गेला. जाताना मला म्हणाला, "तुझ्या तत्त्वाचे हप्ते मी भरतोय." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. नकारालाही किंमत असते, आणि ती नेहमी नकार देणाराच भरतो असं नाही.

पुढे छोट्या कंपन्यांतले पगार वाढले, आणि फार वाढले. जून २०२२ मध्ये एन्व्हॉय आणि पीडमाँट या कंपन्यांनी पहिल्या वर्षाच्या को-पायलटचा दर, तात्पुरता वाढावा धरून, ताशी ९० डॉलर केला. मी २२ वर लागलो होतो. पण हे आमच्या मतदानाने झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते टंचाईने झालं, आणि टंचाईची सुरुवात एका अपघातापासून होते.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळलं. ५० माणसं गेली. चौकशीत थकवा, प्रशिक्षण, आणि प्रादेशिक वैमानिकांचे तुटपुंजे पगार हे सगळं चव्हाट्यावर आलं. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला, आणि २०१३ पासून को-पायलटलाही साधारणपणे १५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला. पूर्वी २५० तासांवर काम भागत असे. इतका अनुभव मिळवण्यात वर्षं जातात, पैसा जातो. २० हजार डॉलरसाठी कोण एवढं करणार? त्यात कोविडच्या काळात मोठ्या कंपन्यांतल्या अनेक ज्येष्ठांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. माणसं मिळेनात, विमानं जमिनीवर उभी राहू लागली, तेव्हा दर वाढले.

मग आमच्या नकाराने साधलं काय? एवढंच, की टंचाई आली तेव्हा आमच्या कंपनीत चौथ्या वर्षाला गोठलेली, मागे पडलेली पोरं नव्हती. जे काही वाढलं ते सगळ्यांचं सारखं वाढलं. एका यादीत दोन जाती झाल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं, आम्हाला काय त्याचं? या सभागृहात बसलेल्या तरुण शिक्षकांना विचारा. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षं मानधनावर. कित्येक वर्षं ते मानधन प्राथमिकला ६,००० आणि माध्यमिकला ८,००० रुपये होतं. ते १६,००० आणि १८,००० झालं तेव्हा २०२३ साल उजाडलं होतं. शेजारच्या वर्गात तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार किती पट होता, ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत असायचं. तसंच १ नोव्हेंबर २००५ चं. त्या तारखेच्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना वेगळी योजना. त्या प्रश्नावर मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. इथे कोणी त्याला 'बी' श्रेणी म्हटलं नाही, पण कॉकपिटमधल्या उजव्या खुर्चीत आणि या स्टाफरूममध्ये मला फार फरक दिसत नाही.

आपल्याकडे पंगतीचा एक अलिखित नियम आहे. पहिल्या पंगतीने वाढून घेताना मागची माणसं मोजायची. श्रीखंड कमी आहे हे कळलं तर सगळ्यांनाच अर्धी वाटी. पहिल्या पंगतीने पोटभर खायचं आणि कमी पडेल ते शेवटच्या पंगतीचं, असं ठरवणाऱ्याला आपण काटकसरी म्हणत नाही.

पगार सोडणं कधीच बरोबर नसतं, असं माझं म्हणणं नाही. कंपनी खरंच बुडत असेल तर सगळ्यांनी मिळून सोडावं, वरच्यांनी आधी सोडावं, आणि दिवस पालटले की ते कधी परत मिळणार याची तारीख लिहून घ्यावी. २०१४ चा तो कागद असा असता, माझाही दर दहा टक्क्यांनी कापणारा आणि विमानांची तारीख देणारा, तर मी कदाचित बाजूने मत दिलं असतं. मला खटकलं ते सोडणं नव्हे, दुसऱ्याच्या वतीने सोडणं.

२०१८ मध्ये मी एका मोठ्या कंपनीत गेलो. पुन्हा यादीच्या तळाशी, वयाच्या छेचाळिसाव्या वर्षी. तिथल्या ज्येष्ठांनी मी लागण्याच्या कितीतरी आधी करार केले होते, आणि त्यात माझ्यासारख्या उशिरा येणाऱ्यांची श्रेणी त्यांनी आपल्याशी जोडून ठेवली होती. त्या माणसांना मी ओळखत नाही. त्यांनीही मला पाहिलेलं नव्हतं.

आपल्यापैकी कोणी पतपेढीच्या संचालक मंडळावर आहे, कोणी कामगार संघटनेत, कोणाचा स्वतःचा कारखाना आहे, काहीजण या शाळेच्याच समितीवर आहेत. 'थोडं सोडा, आपण वाढू' हा ठराव तुमच्याही टेबलावर कधीतरी येईल, नाहीतर तुम्हीच तो मांडाल. तेव्हा दोन गोष्टी बघा. मिळणार असलेलं कुठल्या अर्थाच्या क्रियापदात लिहिलं आहे, आणि ज्याचं जाणार आहे तो खोलीत बसलेला आहे का.

पगार किती, हे मात्र मी अजून सांगितलेलं नाही. ते जेवताना सांगतो, आवाज खाली आणून.